विश्लेषण : फ्लॅश नाही, पोझ नाही, आश्रमाचा पैसा नाही… कनू गांधींनी सेवाग्रामात कॅमेरा कसा चालवला?

नवा फोन घ्यायचा म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? दुसरा प्रश्न किमतीचा. फोटो कुठे काढायचे, कोणत्या उजेडात, कुणाचे आणि ते पुढे किती वर्षे टिकवायचे, हे प्रश्न सहसा दुकानातून बाहेर पडल्यावर सुचतात. सुमारे ८५ वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात एका तरुणापुढे हे सगळे प्रश्न पहिल्याच दिवशी उभे राहिले होते. त्याचे नाव कनू गांधी. महात्मा गांधींची जी छायाचित्रे पाहून ‘हे तर घरातल्या माणसाने काढलेले दिसते’ असे वाटते, त्यातील बरीचशी त्यांची आहेत. छायाचित्रे जगभर गेली, छायाचित्रकाराचे नाव मात्र मागे राहिले. त्यांच्या आयुष्याचा आणि कॅमेऱ्याचा हा आढावा.

कनू गांधी कोण होते?

कनू गांधी यांचा जन्म १९१७ चा. त्यांचे वडील नारणदास गांधी हे गांधीजींचे चुलत पुतणे. त्यामुळे कनू नात्याने गांधीजींचे चुलत नातू लागत. नारणदास आणि त्यांचे भाऊ छगनलाल व मगनलाल यांनी गांधीजींच्या आश्रमांसाठी आयुष्य वेचले. वर्ध्यातील मगनवाडीला नाव मिळाले ते याच मगनलाल गांधींचे, म्हणजे कनूंच्या काकांचे. नारणदास हे साबरमती आश्रमाचे व्यवस्थापक होते. पुढे राजकोटच्या राष्ट्रीय शाळेची जबाबदारी त्यांनी सांभाळली. हिशेब चोख ठेवणारा माणूस म्हणून गांधीजींचा त्यांच्यावर विश्वास होता.

अशा घरात वाढलेल्या कनूंना डॉक्टर व्हायचे होते. आईवडिलांनी मात्र त्यांना गांधीजींजवळ राहून काम करण्यास सांगितले. विशीतला हा तरुण मग वर्ध्याला आला आणि गांधीजींच्या कार्यालयात रुजू झाला. पत्रव्यवहार, नोंदी, हिशेब अशी कारकुनी कामे त्यांच्याकडे होती. प्रार्थनेच्या वेळी ते भजने म्हणत. छायाचित्रण हे त्यांचे नेमलेले काम नव्हते.

त्यावेळी वर्ध्यात काय चालले होते?

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले. जमनालाल बजाज यांनी त्यांना इथे आणण्यासाठी बरीच वर्षे आग्रह धरला होता. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. शेगाव नावाचे प्रसिद्ध गाव विदर्भात आणखी एक असल्याने टपालाचा घोळ होई. म्हणून १९४० मध्ये या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले.

पुढील काही वर्षांत देशाचे राजकारण या मातीच्या झोपड्यांभोवती फिरत होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नयी तालीम उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यसमितीने ‘भारत छोडो’चा ठराव केला तोही वर्ध्यातच. देशी-विदेशी पाहुणे, पत्रकार, पुढारी यांची ये-जा असे. त्यातले अनेक जण कॅमेरा घेऊन येत, एक-दोन दिवस थांबत आणि निघून जात. आश्रमातले रोजचे जगणे, म्हणजे पहाटेची प्रार्थना, फिरणे, सूतकताई, आजाऱ्यांची सेवा, हे सलग टिपणारे तिथे कुणी नव्हते.

कॅमेऱ्याची कल्पना कुणाची आणि पैसे कुठून आले?

ही कल्पना सुचवली विनोबा भावे यांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांनी. बापूंच्या सहवासात रोज राहणाऱ्या माणसानेच त्यांची छायाचित्रे काढावीत, असे त्यांनी कनूंना सुचवले. कनूंनी ही गोष्ट मनावर घेतली आणि गांधीजींकडे परवानगी मागितली. गांधीजींचे पहिले उत्तर नकाराचे होते. कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसे नाहीत, असे त्यांनी सांगितले.

आश्रमाचा प्रत्येक पैसा लोकांच्या देणगीतून येई आणि त्याचा हिशेब द्यावा लागे. त्या पैशातून नातेवाइकाची हौस भागवणे गांधीजींना मान्य होणे शक्य नव्हते. कनूंनी मात्र विषय सोडला नाही. अखेर गांधीजींनीच उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांना सांगून कनूंना १०० रुपये मिळवून दिले. त्यातून रोलायफ्लेक्स हा जर्मन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला.

गांधीजींच्या तीन अटी कोणत्या होत्या?

परवानगी मिळाली ती तीन अटींवर. पहिली, फ्लॅश कधीही वापरायचा नाही. दुसरी, छायाचित्रासाठी पोझ द्यायला सांगायचे नाही. तिसरी, या उद्योगाचा खर्च आश्रम उचलणार नाही.

या अटी वरवर साध्या वाटतात. छायाचित्रकाराच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक अट एकेक दार बंद करते. फ्लॅश नाही म्हणजे मिळेल त्या उजेडात काम भागवायचे. पोझ नाही म्हणजे समोरचा माणूस थांबणार नाही, वळणार नाही, कॅमेऱ्याकडे बघणारही नाही. आश्रमाचा पैसा नाही म्हणजे फिल्मचा खर्च स्वतः उभा करायचा आणि एकही बटण वाया जाऊ द्यायचे नाही. कनूंनी वृत्तपत्रांना छायाचित्रे विकून हा खर्च भागवला. त्या काळी भारतात फिल्म बनत नव्हती. उदगमंडलमचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० नंतरचा. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीचा माल येणे बंद झाले. म्हणजे कॅमेरा जपून वापरणे हा केवळ शिस्तीचा भाग नव्हता, ती गरज होती.

यंत्रविरोधी समजल्या जाणाऱ्या गांधीजींना कॅमेरा चालला कसा?

गांधीजी प्रत्येक यंत्राच्या विरोधात होते, हा समज बरोबर नाही. शिवणयंत्राचे त्यांनी उघडपणे कौतुक केले होते, कारण ते घरातल्या बाईचे कष्ट कमी करते आणि तिच्या हातातले काम काढून घेत नाही. सेवाग्रामच्या कार्यालयात टेलिफोन होता आणि तो वापरला जात होता. आश्रमाला भेट देणाऱ्यांना तो आजही पाहता येतो.

याहून बोलके उदाहरण चरख्याचे आहे. १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्यासोबत अटींची यादी होती. चरख्याची किंमत १५० रुपयांच्या आत हवी, तो भारतातच बनायला हवा, खेड्यातल्या झोपडीत चालायला हवा, बाईमाणसाला न थकता काही तास चालवता यायला हवा आणि तो बरीच वर्षे टिकायला हवा. आजच्या भाषेत हा गरजांचा तक्ता झाला. आधी वापरणारा कोण, तो कुठे बसून वापरणार, दुरुस्ती कशी होणार हे ठरवायचे आणि मग यंत्र शोधायचे. कॅमेऱ्याला घातलेल्या तीन अटींमागेही हीच पद्धत दिसते. यंत्राने माणसाच्या दिनक्रमात लुडबुड करू नये, माणसाला यंत्रासाठी थांबावे लागू नये आणि त्याचा भार सार्वजनिक पैशावर पडू नये.

रोलायफ्लेक्स या कामाला योग्य का ठरला?

जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरातल्या फ्रँके अँड हायडेके या कंपनीने १९२९ मध्ये पहिला रोलायफ्लेक्स बाजारात आणला. डब्यासारख्या उभ्या कॅमेऱ्याला एकावर एक अशी दोन भिंगे असत. खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटे आणि वरच्या भिंगातले चित्र आरशावरून वरच्या काचेवर दिसे. कॅमेरा डोळ्याला लावायचा नसे. तो छातीशी किंवा पोटाशी धरून वरून खाली पाहायचे.

सेवाग्रामात याचे तीन फायदे होते. पहिला, आश्रमात सगळे जमिनीवर बसत. पोटाशी धरलेला कॅमेरा आपोआप बसलेल्या माणसाच्या नजरेच्या जवळ येतो, त्यामुळे चित्र वरून खाली पाहिल्यासारखे येत नाही. दुसरा, छायाचित्रकाराचा चेहरा कॅमेऱ्यामागे दडत नाही. समोरच्या माणसावर काही रोखल्याची भावना होत नाही. तिसरा, या कॅमेऱ्याचे शटर भिंगातच असते आणि आरसा जागचा हलत नाही. त्यामुळे आवाज अगदी कमी होतो. प्रार्थनेत किंवा आजाऱ्याच्या खाटेजवळ ही गोष्ट महत्त्वाची असते.

अडचणीही होत्या. काचेवरचे चित्र उजवे-डावे उलटे दिसे. समोरचा माणूस उजवीकडे गेला की काचेवर तो डावीकडे जाई. झपाझप चालणाऱ्या गांधीजींच्या मागे फिरताना कॅमेरा नेमका उलट्या बाजूला वळवला जाण्याची भीती असे. कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम बदलून नवी आली की सवयीने हात जुन्याच जागी जातो, तसाच हा प्रकार. हाताला नवी सवय लागेपर्यंत चुका होणारच. त्यातच एका रोलमध्ये जेमतेम १२ छायाचित्रे निघत. झूमची सोय नव्हती. जवळचे हवे असेल तर स्वतः जवळ जावे लागे. मात्र निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या साडेतीन ते चार पट मोठी. त्यामुळे लांबून घेतलेल्या चित्रातला हवा तेवढा भाग कापून मोठा करता येई.

फ्लॅश नसल्याने नेमके काय अडत होते?

छायाचित्र म्हणजे साठवलेला उजेड. तो किती मिळेल हे तीन गोष्टींवर ठरते : भिंगाचे तोंड किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे राहते आणि फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे. त्या काळच्या सर्वसाधारण फिल्मची संवेदनशीलता आजच्या मोजणीत २५ ते १०० आयएसओच्या आसपास. आजचे फोन अंधारात काही हजार आयएसओपर्यंत सहज जातात. त्यावरून फरक लक्षात यावा.

विदर्भाच्या उन्हात हा प्रश्न येत नसे. भर दुपारी सेकंदाच्या दोनशेव्या भागात काम होई. पण आश्रमाच्या झोपड्या मातीच्या भिंतींच्या, उतरत्या कौलांच्या आणि लहान खिडक्यांच्या. आत आल्यावर उजेड एकदम पडे. साधा हिशेब मांडला तर अशा खोलीत खिडकीजवळ बसलेल्या माणसासाठीही शटर पाव ते अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात बोलणाऱ्याचा हात हलतो, मान वळते आणि चित्र अस्पष्ट होते. थांबा म्हणायची तर परवानगी नाही.

यावर उपाय एकच, माणसाची लय ओळखणे. बोलता बोलता तो कुठे थांबतो, पत्र वाचताना किती वेळ स्थिर राहतो, खिडकीकडे केव्हा वळतो हे पाठ असावे लागते. रोज सोबत राहणाऱ्यालाच हे जमते. कनूंच्या अनेक चित्रांत प्रकाश एका बाजूने येतो, चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत राहतो, काही चित्रे गडद आहेत, काही किंचित हललेली आहेत. त्यात घरातल्या खऱ्या उजेडाची जाणीव राहते.

तुलनेसाठी मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे उदाहरण घेता येईल. लाइफ या अमेरिकी मासिकाच्या या नामवंत छायाचित्रकार १९४६ मध्ये पुण्यात डॉ. दिनशॉ मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजींना भेटल्या. आधी चरखा चालवायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. नंतर मोजके तीन फ्लॅश बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले आणि तिसऱ्यात चित्र मिळाले, असे त्यांनी आठवणींत लिहिले आहे. चरख्यामागे बसून वाचणाऱ्या गांधीजींचे ते छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. पाहुण्या छायाचित्रकाराला काही मिनिटे मिळाली. कनूंना सुमारे दहा वर्षे मिळाली.

त्या दहा वर्षांत त्यांनी काय टिपले?

मोठ्या घटनांपेक्षा मधले क्षण त्यांच्या कॅमेऱ्यात जास्त आहेत. सेवाग्रामच्या कार्यालयात टेलिफोनवर बोलणारे गांधीजी, बापूंचे पाय धुणाऱ्या कस्तुरबा, मुंबईच्या बिर्ला हाऊसमध्ये वजनकाट्यावर उभे असलेले गांधीजी, महादेवभाई देसाईंसोबत पत्र पाहण्यात गढलेले गांधीजी. मार्च १९३९ मध्ये राजकोटला झालेल्या उपोषणातले चित्र आहे. १९४० मध्ये शांतिनिकेतनात रवींद्रनाथ टागोरांसोबतच्या भेटीची चित्रे आहेत. हरिजन निधीसाठी रेल्वेच्या डब्यातून बाहेर पसरलेला हात आणि खाली फलाटावर उसळलेली गर्दी, हे १९४५-४६ च्या दौऱ्यातले चित्र तर अनेकांच्या परिचयाचे आहे.

वर्धेकरांसाठी एक चित्र विशेष आहे. संस्कृतचे जाणकार परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले तेव्हा या रोगाची दहशत एवढी होती की लोक जवळ उभे राहत नसत. गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि ते स्वतः त्यांना मालिश करीत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्येच कुष्ठधाम सुरू केले होते. शास्त्रीजींचे अखेरचे दिवस तिथे गेले. गांधीजी शास्त्रीजींची शुश्रूषा करतानाचे छायाचित्र म्हणजे स्पर्शाने रोग होतो या भीतीला दिलेले उत्तर होते. फ्लॅश उडवून, पोझ घ्यायला लावून हे चित्र काढले असते तर रुग्णाची सेवा देखाव्याची झाली असती. तिन्ही अटींचा खरा अर्थ इथे कळतो.

कनूंना कधी नकार मिळाला का?

मिळाला. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. महादेवभाई देसाई तिथेच १५ ऑगस्ट १९४२ रोजी गेले. कस्तुरबांची प्रकृती बिघडत गेली, तेव्हा शुश्रूषेसाठी कनूंना तिथे राहण्याची परवानगी मिळाली होती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बांनी गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला. त्या क्षणाचे छायाचित्र काढण्यास गांधीजींनी मनाई केली.

बातमीच्या दृष्टीने तो क्षण किती मोठा होता हे सांगायला नको. कॅमेरा होता, छायाचित्रकार खोलीत होता. तरी ते चित्र अस्तित्वात नाही. कनूंनी अट पाळली. ते बांचेही नातू लागत होते आणि त्या खोलीत ते आधी सेवेसाठी आले होते. आज अपघात, आजारपण, अंत्यविधी यांचे व्हिडिओ काही मिनिटांत गावभर फिरतात. अशा वेळी या न काढलेल्या छायाचित्राची आठवण ठेवायला हवी.

३० जानेवारी १९४८ रोजी ते कुठे होते?

नोव्हेंबर १९४६ मध्ये गांधीजी पूर्व बंगालमधील नोआखालीत गेले. दंगलीने उद्ध्वस्त झालेल्या गावांत त्यांनी आपले सहकारी एकेका ठिकाणी राहायला पाठवले. कनू आणि त्यांच्या पत्नी आभा हेही तिथल्या कामात होते. मूळच्या बंगाली असलेल्या आभा चॅटर्जी लहान वयात आश्रमात आल्या होत्या आणि गांधीजींच्या संमतीने दोघांचा विवाह झाला होता. गांधीजी तिथून निघाले तरी कनू नोआखालीत काम करीत राहिले.

त्यामुळे दिल्लीत बिर्ला भवनाच्या हिरवळीवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कनू शेकडो मैल दूर होते. गांधीजींचे हात ज्या दोघींच्या खांद्यांवर होते, त्यातल्या एक मनू आणि दुसऱ्या आभा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्याच दिवशी गांधीजींना भेटून गेले होते. अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. दहा वर्षे रोज कॅमेरा घेऊन सोबत असलेला माणूस मात्र शेवटच्या दिवशी बापूंनीच सोपवलेल्या कामावर होता.

त्यानंतर कनू गांधींचे काय झाले?

गांधीजी गेले आणि कनूंच्या छायाचित्रणाचे कारणच संपले. व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून मुंबई-दिल्लीत त्यांना सहज काम मिळाले असते. ते आभा यांच्यासह राजकोट परिसरात परतले आणि रचनात्मक कामात राहिले. २० फेब्रुवारी १९८६ रोजी यात्रेवर असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत छायाचित्रकार म्हणून त्यांच्या वाट्याला फारसे नाव आले नाही. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके, कॅलेंडरे यांत चित्रे छापली जात, खाली नाव नसे. निगेटिव्ह जपल्या गेल्या म्हणून पुढे शोध घेता आला. जर्मनीतील पीटर रूहे यांच्या गांधीसर्व्ह प्रतिष्ठानाने हा संग्रह एकत्र आणण्याचे मोठे काम केले. २०१५ मध्ये दिल्लीच्या नजर फाउंडेशनने निवडक छायाचित्रांचे पुस्तक काढले आणि कनू गांधी हे नाव नव्या पिढीसमोर आले. तोवर त्यांच्या निधनाला जवळपास तीस वर्षे झाली होती.

त्यांच्या नावावर चुकीची छायाचित्रे फिरतात का?

होय, आणि गोंधळाचे मूळ नावात आहे. जुहूच्या किनाऱ्यावर एक लहान मुलगा काठीचे टोक धरून गांधीजींना पुढे ओढत नेतो आहे, हे छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेले असते. त्यातला मुलगा कनू हाच, पण तो दुसरा. तो गांधीजींचे चिरंजीव रामदास यांचा मुलगा कनू. पुढे ते शास्त्रज्ञ झाले, अमेरिकेत राहिले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरतला वारले. ते छायाचित्र १९३७ चे आहे. दांडीयात्रेचे म्हणून ते फिरते, तेही चूक, कारण दांडीयात्रा १९३० ची.

चरख्यामागचे गांधीजी येरवडा तुरुंगातले नाहीत. ते बर्क-व्हाइट यांचे, पुण्याच्या निसर्गोपचार केंद्रातले चित्र. नोटांवरचा हसरा चेहरा १९४६ च्या एका छायाचित्रातून घेतलेला आहे. त्यात गांधीजींसोबत लॉर्ड पेथिक-लॉरेन्स होते. ते कुणी काढले याची नोंद नाही. देशात सर्वाधिक हातांतून जाणाऱ्या चित्राची ही स्थिती असेल तर छायाचित्राखाली नाव आणि तारीख लिहिण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आज कॅमेरा किंवा फोन निवडताना यातून काय घ्यावे?

आधी आपल्या अटी लिहून काढाव्यात. घरातले, संध्याकाळचे, लहान मुलांचे फोटो जास्त असतील तर मेगापिक्सेलपेक्षा उजेड पकडण्याची क्षमता महत्त्वाची. त्यासाठी मोठा सेन्सर, भिंगाचा लहान एफ आकडा आणि हाताची थरथर सांभाळणारी ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनची सोय पाहावी. ५० मेगापिक्सेलचे अनेक फोन चार-चार बिंदू एकत्र करून प्रत्यक्षात साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतात. स्टॅबिलायझेशन हाताचे हलणे सावरते, समोर धावणाऱ्या मुलाचे नाही. तिथे उजेडच लागतो. शेतात, लग्नात, लांबून काढायचे असेल तर डिजिटल झूमवर न जाता खरे झूम भिंग आहे का, ते विचारावे. दुकानातल्या दिव्यांखाली काढलेला फोटो पाहून निर्णय घेऊ नये. दुकानाच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक फोटो काढून पाहावा.

दुसरा मुद्दा टिकण्याचा. १९४० ची निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की आजही दिसते. तिला विजेची, पासवर्डची, सॉफ्टवेअरची गरज नाही. डिजिटल फाइल मात्र ती उघडणारी सिस्टीम असेल तोवरच फोटो असते. फोन किंवा कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की पहिली अडचण इथेच येते. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो आणि जुन्या कॉम्प्युटरवर तो अनेकदा उघडत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जेपीईजीचा पर्याय निवडता येतो. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक घरांत सिस्टीम बदलण्याची वेळ आली आहे.

हा बदल करण्यापूर्वी सर्व फोटोंची एक प्रत फोन व कॉम्प्युटरच्या बाहेर, हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी असावी. प्रत घेतल्यावर त्यातले चार-पाच फोटो उघडून पाहावेत. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नव्हे. फोल्डरला नाव देताना वर्ष, ठिकाण आणि माणसांची नावे लिहावीत. घरातल्या पाच-पन्नास महत्त्वाच्या फोटोंचे चांगल्या कागदावर प्रिंट काढून मागे नावे व तारीख लिहिली तर आणखी उत्तम. आणि प्रत्येक फोटोमागे, तो कुणी काढला त्याचेही नाव असावे.